तासाला बारा विटा

ताम्हिणीच्या आरोग्य उपकेंद्राचं दार त्या दिवशी हसिना मुलाणीला खांद्यानं रेटावं लागलं. १९८४चा जुलै. पाऊस असा कोसळत होता, की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागत होतं. हसिना आत आली, तिनं छत्री कोपऱ्यात उभी केली. मागोमाग तिचे अकरा विद्यार्थी ओसरीवर गोळा झाले, आणि दाराचा विचार तिच्या डोक्यातून निघून गेला. तो परत आला तासाभरानं. तेव्हा आतल्या खोलीत एक पहिलटकरीण कळांनी तळमळत होती, आणि त्या खोलीचं दार घट्ट बंद होतं.

हसिना मूळची त्याच मुळशी तालुक्यातल्या पौडची. तिचे अब्बा, बाबालाल मुलाणी, यांची पौडच्या बाजारात बेकरी होती. खारी, टोस्ट, नानकटाई. मुळशीच्या पावसात टोस्ट दोन दिवसांत मऊ पडायचे, म्हणून अब्बा टोस्टचे डबे भट्टीच्या पाठच्या भिंतीला लावून ठेवायचे. हसिना बारा वर्षांची असताना, अशाच एका पावसाळ्यात, पीठ फुगेना म्हणून अब्बांनी भट्टीच्या खोलीचं दार-खिडकी सगळं लावून घेतलं. दुपारी हाका मारल्या तर ओ नाही. शेजाऱ्यांनी दार तोडून त्यांना पायांना धरून ओढत बाहेर काढलं. अब्बा वाचले. पण त्यानंतर ते गिऱ्हाइकांची नावं विसरू लागले, पिठात दोनदा मीठ घालू लागले. कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी म्हणालं नजर. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, "कोळशाचा दिसतो तो धूर माणसाला खोकवतो. न दिसणारा असतो, तो झोपवतो."

हे वाक्य हसिनानं वहीत लिहून ठेवलं. पुढं पुण्यात रोशनबी मावशीकडे राहून ती बी.एस्सी. झाली. एका पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. सहा वर्षं काचेची भांडी विसळली, पोरांच्या जर्नलांवर सह्या केल्या. मग एक विषय असा आला, की तो घ्यायला कुणी शिक्षक राजी होईना. इमारतीतली उष्णता, हवा आणि ओल. बांधकाम शिकणाऱ्या पोरांना वर्षाला जेमतेम बारा तास. पोरं त्याला 'ओल्या भिंतीचा तास' म्हणत. हसिनानं तो मागून घेतला.

शिकवायची तिची रीत निराळी होती. कॉलेजात संगणक नव्हता, आणि पुण्यात जिथं होता तिथं पोरांना कुणी उभं केलं नसतं. मग हसिनानं पोरांचाच संगणक केला. नऊ पोरं ओळीत बसवायची, प्रत्येकाच्या हातात पाटी. हे नऊ जण म्हणजे एका जाड भिंतीचे नऊ थर. एका टोकाचा पोरगा बाहेरच्या हवेला लागून, दुसऱ्या टोकाचा खोलीच्या हवेला. प्रत्येकाच्या पाटीवर आपल्या थराचं तापमान. हसिनानं घंटी वाजवली, की प्रत्येकानं डाव्या-उजव्या शेजाऱ्याचा आकडा बघायचा, दोन्हींची बेरीज करून निम्मी करायची आणि आपला आकडा पुसून ती लिहायची. पुन्हा घंटी, पुन्हा पुसापुशी. दुपारचं ऊन बाहेरच्या पाटीवरून आत सरकत सरकत संध्याकाळी खोलीत कसं पोचतं, ते पोरांना डोळ्यांनी दिसायचं. शेवटच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा आपला आकडा चुकू नये म्हणून मान वर करायची नाहीत.

हवेसाठी तिच्याकडे शाईची बादली होती. बादलीभर पाण्यात शाई टाकायची. मग एक तांब्या स्वच्छ पाणी ओतायचं, ढवळायचं, एक तांब्या काढायचा. "किती तांब्यांत पाणी नितळ होईल?" पोरं म्हणायची, बादलीत मावतात तेवढे तांबे झाले की झालं. तेवढे ओतूनही पाणी चांगलं निळं राहायचं. "खोलीतली हवाही अशीच बदलते," ती सांगायची. "घाण सगळी एकदम जात नाही. हळूहळू पातळ होत जाते."

ताम्हिणी तिनं मुद्दाम निवडलं होतं. जिल्ह्यात एवढी ओल दुसरीकडे कुठं मिळणार? मे महिन्यात ती पोरांना घेऊन आली होती. उपकेंद्राच्या दोन खोल्या मापल्या, भिंतींची जाडी मोजली. उदबत्तीचा धूर कुठल्या फटीतून किती वेगानं बाहेर ओढला जातो ते पाहून तासाला किती हवा बदलते याचा अंदाज बांधला. जुलैत तेच आकडे पुन्हा घ्यायचे होते. म्हणून आदल्या दिवशी सगळे एस.टी.नं आले आणि गावच्या शाळेत उतरले.

सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या वाडीवरून रंभा आली. आली म्हणजे तिचा नवरा भैरू आणि आणखी तिघांनी तिला झोळीत घालून आणली. वीस वर्षांची पोर, दिवस पुरते भरले नव्हते, कळा मात्र सुरू झालेल्या. बरोबर सासू, तुळजाबाई. उपकेंद्राच्या नर्सबाई आदल्या दिवशी पौडला मीटिंगला गेल्या होत्या, आणि वाटेत रस्त्यावर झाड पडून एस.टी. अडकली होती. गावात होती ती सगुणाबाई सुईण. पन्नाशीची, बुटकी, हाताला भलती चपळ. तिनं एका नजरेत रंभाला पाहिलं आणि आतल्या खोलीत घेतलं. पोरांना ओसरीवर हाकललं. "ए, तुमी समदे भाईर. हितं काय जत्रा न्हाई."

खोलीच्या वरच्या झरोक्यांत पावसाची झड येऊ नये म्हणून कुणीतरी पोती कोंबली होती. खिडकीला कडी घातलेली. थोड्या वेळानं तुळजाबाई मागच्या पडवीतून फुललेल्या कोळशांची शेगडी दोन्ही हातांनी धरून घेऊन आली, आत गेली, आणि दार लोटून घेतलं. लोटलं म्हणजे आतून दोनदा धक्के मारून बसवलं.

ती शेगडी आत जाताना पाहिली आणि हसिनाला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं. पण नुसत्या एका वाक्यावर बाळंतिणीची खोली उघडायला लावायची का? तिनं पोरांकडे पाहिलं. "जयसिंग, मेमधली वही काढ. खोलीचं माप, हवेचा आकडा. कोळसा साधारण अर्धा किलो धर. कोळशाच्या वायूचा तक्ता माझ्या वहीत मागच्या पानावर आहे. किती वेळात काय होतं, मला सांगा. दोन गट करा, वेगवेगळं काढा."

जयसिंग मारणे मुठा गावचा. घरची भाताची शेती, आकड्याला तल्लख, आणि ते त्याला चांगलं ठाऊक. दहा मिनिटांत तो उभा राहिला. "मॅडम, काळजी न्हाई. सहा तास बसले तरी नुसतं डोकं दुखंल." दुसऱ्या गटाचंही जवळपास तेच उत्तर आलं. हसिनानं दोन्ही वह्या पडताळल्या. बेरजा बरोबर, भागाकार बरोबर. तिनं श्वास सोडला.

तेवढ्यात तुळजाबाई पाण्यासाठी बाहेर यायला निघाली आणि दार उघडेना. आतून तिनं ओढलं, बाहेरून भैरूनं ढकललं, तेव्हा कुठं ते करकरत सुटलं. आणि हसिनाला सकाळचा आपला खांदा आठवला.

"जयसिंग, हवेचा आकडा कधीचा आहे?"

"मेचा."

"मेमध्ये या दाराच्या फटीत बोट जात होतं. आज नख घालून बघ."

जयसिंग उठला, दाराच्या कडेवरून बोट फिरवत गेला. लाकूड पाण्यानं फुगून चौकटीत गच्च बसलं होतं. खिडकीचीही तीच गत. तो परत फिरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची ऐट उतरली होती. "मॅडम, हवा बदलतच न्हाई."

"पुन्हा काढा. हवेचा आकडा दहावा हिस्सा धरा."

आता कुणी गट केले नाहीत. अकराही जण एकाच वहीवर वाकले. जयसिंगचं उत्तर आलं तेव्हा तो हळू आवाजात बोलला, आणि पावसात ते ऐकायला हसिनाला वाकावं लागलं. "पाऊण तासात डोकं जड. दोन तासांत..." पुढचं त्यानं पेन्सिलनं वहीवर दाखवलं.

शेगडी आत जाऊन पस्तीस मिनिटं झाली होती.

हसिनानं दार ढकललं. आत ऊब होती. कोंदट, ओली, गोडसर ऊब. रंभा खाटेवर, घामानं निथळलेली. सगुणाबाई तिच्या पायाशी.

"सगुणामावशी, शेगडी बाहेर काढा."

"कोन तू?"

"मी पौडची, मुलाण्यांची. पोरांना शिकवते."

"मंग पोरास्नी शिकीव जा."

"या खोलीत हवा येत न्हाई, मावशी. कोळशाचा वायू साठतोय. झरोके तरी उघडा."

तुळजाबाई मधे पडली. "बया, डोकं ठिकाणावर हाय का? भाईर गारठा बघ. पोरगी न्हाती-धुती नव्हं, बाळंतीन व्हायलीया!"

सगुणाबाईनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. रंभाच्या पोटावरचा तिचा हात हलला नाही. "मागल्या श्रावनात हितंच, याच खाटंवर, सातव्या महिन्याचं पोर झालं. रडलं बी. शेगडी न्हवती, कोळसा वला झालता. माज्या हातात गारठलं ते. या हातात. तुजी हवा ठेव तुज्यापाशी."

ही बाई खोटं बोलत नव्हती. वर्गातला आकडा चुकला तर पाटी पुसता येते. इथं झरोका उघडला आणि पोर गारठलं, तर कुणाच्या पाटीवर लिहायचं ते? आणि नाही उघडला तर? तिला भट्टीच्या खोलीचा तुटलेला दरवाजा दिसला, अब्बांच्या टाचा दिसल्या.

ती सगुणाबाईच्या जवळ गेली आणि खाली बसली. आता आवाज न चढवता तिनं विचारलं, "मावशी, बाळंतपण करताना तुमचं डोकं धरतं का?"

"धरनारच की. उभं ऱ्हावं लागतं, जीव टांगनीला."

"सगळ्या बाळंतपणांत धरतं? उन्हाळ्यातपण?"

सगुणाबाईचा हात थांबला. रंभाची कळ आली, ओसरली. सगुणाबाईनं तिला धीर दिला, "दम खा गं, दम खा," आणि मग कुणाशीच बोलत नसल्यासारखी म्हणाली, "उन्हाळ्यात न्हाई धरत. पावसाळ्यातच." मनगटानं कपाळ दाबत, "मळमळतंय बी. आता बी मळमळतंय."

"पाऊण तासात तुमचं हे झालं. रंभाचं काय होत असेल?"

सगुणाबाईनं रंभाच्या तोंडाकडे पाहिलं. मग शेगडीकडे. मग पहिल्यांदाच सरळ हसिनाकडे.

"काढ ती. पन ऐक. खोली गार पडली आन् पोर गेलं, तर मी सांगनार, मुलाण्याच्या पोरीनं घालवलं म्हून. समद्या वाडीला सांगनार."

"व्हय," हसिना म्हणाली. "सांगा."

शेगडी बाहेर गेली. वाऱ्याच्या उलट बाजूच्या झरोक्यातलं पोतं भैरूनं बाहेरून काठीनं पाडलं, समोरच्या खिडकीची एक फळी चार बोटं उघडली. खाटेच्या उशाशी हसिनानं दोन थर्मामीटर टांगले, एक कोरडा, दुसरा हवेतली ओल कळावी म्हणून ओल्या चिंधीचा. सव्वीसवर असलेला पारा बघता बघता उतरू लागला. पंचवीस. चोवीस. बाहेर एकोणीस होतं.

ओसरीवर येऊन ती म्हणाली, "आग बाहेर आणि ऊब आत. कशी न्यायची?"

पाणी तापवून कळशी ठेवू, एक जण म्हणाला. त्यानं खोली आणखी ओली होईल, दुसरा म्हणाला. दगड? विटा? केंद्राच्या मागं बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग पडला होता. "विटा धरा," हसिना म्हणाली. "खोली बाहेरपेक्षा सहा अंश वर ठेवायची. भिंती, छप्पर, उघडा झरोका, सगळं धरून तासाला किती विटा?"

सोबत आणलेल्या पाट्या निघाल्या. ओळ लागली. या वेळी घंटी नव्हती, जयसिंग घड्याळ बघून बोटानं खूण करत होता आणि ओसरीवर खडूचा आवाजही पावसात ऐकू येत नव्हता. उत्तर आलं, बारा. तासाला बारा तापलेल्या विटा. दर पाच मिनिटांनी एक.

मागच्या पडवीत चूल पेटली होती, शेगडीही तिथंच आली. पोरांनी विटा रचल्या. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. विटांतून नुसती वाफ निघत होती. हात लावला तर कोमट. महिनाभर पावसात पडलेल्या त्या विटा पाणी पिऊन बसल्या होत्या. सगळी आग ते पाणी उडवण्यातच जात होती. हसिनानं हिशेब कोरड्या विटेचा केला होता. इतकी वर्षं ओल शिकवत होती ती, आणि ओलच विसरली! मग एक वीट फटकन् फुटली, तिचा तुकडा भैरूच्या कानाजवळून गेला, आणि आत रंभानं किंकाळी फोडली. ती विटेनं दचकली की कळेनं, ते कुणाला कळलं नाही.

पारा तेवीसवर आला.

"कोरडी वीट कुठं मिळेल?" हसिना ओरडली. "गावात, कुणाच्या घरात, कुठंही!"

जयसिंग आधीच धावला होता. गावात नव्हे, बाहेरच्या खोलीत. तिथं तीन खाटा होत्या. सरपटणाऱ्याची भीती म्हणून प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा घालून उंच केलेल्या. त्यानं एक खाट उचलायला लावली आणि खालची वीट काढून तिच्यावर नखं वाजवली. टणटणीत वाजली. वर्षानुवर्षं छपराखाली राहिलेल्या चोवीस विटा.

पहिली वीट बारा वाजून वीस मिनिटांनी आत गेली. पोतेऱ्यात गुंडाळून जयसिंगनं ती दारापर्यंत आणली. पुढं पुरुषाला जायचं नव्हतं. दारात तुळजाबाई उभी होती, तोंड वाकडं करून. "आमच्या येळंला असलं काय न्हवतं," ती म्हणाली, आणि वीट घेतली. हाताला चटका बसला तशी शिवी हासडली, पण टाकली नाही. खाटेखाली घमेल्यात ठेवली. पाच मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. थंड झालेली परत यायची, ती पुन्हा आगीत जायची.

पण पारा तेवीसवर अडला, तो हलेना. हसिना भिंतीवरून हात फिरवत गेली. पश्चिमेची भिंत, जिच्यावर झड आपटत होती, ती आतून घामेजली होती. तळवा ओला झाला. ओली भिंत कोरडीच्या दुप्पट ऊब खाते, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. बारा विटांचा आकडाही आता कमी पडणार होता, आणि बारापेक्षा जास्त चुलीवर मावत नव्हत्या.

ती दारात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून पोरांना कळलं असावं. जयसिंगच म्हणाला, अगदी चाचरत, "मॅडम, खोली कशाला तापवायची? खाटच तापवू की. आमच्याकडं वासराला गारठ्यात गोणपाटाचा आडोसा करतात. भिंतीची भानगडच न्हाई."

हसिनानं खाटेची लांबी-रुंदी नजरेनं मापली. मग म्हणाली, "चादरी आणा. सगळ्यांच्या."

शाळेत ठेवलेल्या अकरा चादरी पोरांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पावसातून पळत आणल्या. सुंभ बांधून खाटेच्या तीन बाजूंनी आणि वरून छोटासा तंबू झाला, सगुणाबाईच्या बाजूनं मोकळा. खाली घमेल्यात विटा. थर्मामीटर तंबूत टांगला. जयसिंगनं दाराबाहेरूनच नवा हिशेब सांगितला, "एवढ्याला तासाला पाच पुरतील, पण सगळ्याच द्या." पारा चोवीस झाला. पंचवीस. सगुणाबाईनं न बघताच विचारलं, "किती?" आणि हसिनानं सांगितल्यावर नुसती मान हलवली. तिच्या कपाळावरची शीर उतरली होती.

दोन चाळीसला मूल झालं. मुलगी. एवढीशी, निळसर, गप्प.

तुळजाबाईच्या हातात वीट होती, ती तशीच राहिली. सगुणाबाईनं पोरीला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात बोट घालून साफ केलं, पुन्हा चोळली. "रड गं. रड माजे बाय." हसिनाच्या मनात एकच वाक्य फिरत होतं: मुलाण्याच्या पोरीनं घालवलं. तिनं उघडा झरोका पाहिला, त्यातून येणारा गार ओघ मानेवर जाणवला, आणि तो बंद करावा असं तिला इतकं वाटलं, की हात उचलला गेला. तिनं तो खाली घेतला.

पोर रडलं. आधी चिरकं, मग सलग. सगुणाबाईनं तिला रंभाच्या छातीशी लावलं, वरून पातळ घातलं, आणि पहिल्यांदा जमिनीवर बसली.

"भाईरच्या पोरास्नी सांग," ती म्हणाली, "विटा थांबवू नका."

विटा संध्याकाळपर्यंत चालल्या. पाच वाजता नर्सबाई एका ट्रकमधून आल्या, तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत जमिनीला टेकलेल्या तीन खाटा दिसल्या आणि काळ्या हातांची अकरा पोरं. त्यांनी मायलेकींना तपासलं. पोरगी चार पौंडाच्या आत, पण अंगाला ऊब होती. रंभाला दोन दिवस डोकेदुखी राहिली, मग गेली.

पुण्यात परतल्यावर हसिनाला शाबासकी मिळाली नाही. तिनं आरोग्य खात्याच्या कार्यालयाला आकडेवारीसकट पत्र लिहिलं: झरोके बुजवू नयेत, पावसाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवू नये. उत्तर आलं नाही. कॉलेजात मात्र बोलावणं आलं. "मुलांना तुम्ही बाळंतपणात नेलंत?" प्राचार्यांनी विचारलं. "काही बरंवाईट झालं असतं तर?" तिला खुलासा लिहून द्यायला सांगितलं. तिनं चार ओळी लिहिल्या. त्यात आपली चूकही लिहिली: विटांची ओल धरली नव्हती. ते वाचून प्राचार्य आणखी चिडले. पुढची दोन वर्षं सहली बंद झाल्या.

त्या दोन वर्षांत ती पुष्कळदा झोपेतून उठायची आणि हिशेब पुन्हा मांडायची. खाटांखाली विटा नसत्या तर? जयसिंगला वासरू आठवलं नसतं तर? उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर होती, असं ती स्वतःला कधी म्हणू शकली नाही. वर्गात तिनं एक गोष्ट बदलली. पूर्वी आकडे ती फळ्यावर देत असे. आता पोरांनी आकडा आणला, की ती विचारायची, "कधी मोजलास? कुठल्या ऋतूत?" सत्त्याऐंशीत कॉलेजात दोन संगणक आले. भिंतीचे नऊ थर यंत्र चुटकीसरशी सोडवू लागलं. हसिनानं प्रोग्रॅम स्वतः लिहिला, पण पहिला महिना पोरांना पाट्यांवरच बसवलं. कुणी कुरकुर केली, तर ती ऐकून घ्यायची आणि घंटी वाजवायची. जयसिंग मारणे तोवर कामाला लागला होता. मुठ्याकडे तो बांधी त्या घरांना छपराच्या वळचणीखाली झडीच्या उलट बाजूला फटी ठेवी. घरमालक भांडत. तो ऐकत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी पौडला सुईणींचं शिबिर भरलं. नर्सबाईंनी आग्रह करून हसिनाला बोलावलं. ती हवा, ऊब आणि ओल यांवर पाच पानांचं भाषण लिहून घेऊन आली. तिच्या आधी सगुणाबाई उठली. आता तिचे केस पांढरे झाले होते. तिनं हसिनाकडे पाहिलं, ओळख दिली की नाही ते कळलं नाही, आणि समोर बसलेल्या तीस-चाळीस बायकांना सांगू लागली.

"ऐका गं. पावसाळ्यात खोलीत शेगडी न्यायची न्हाई. डोकं धरतंय ते जागरनानं न्हाई, कोळशानं. मी शेगडी पडवीत ठेवते. कोरड्या विटा तापवते, वल्या घ्यायच्या न्हाईत, फुटत्यात. खाटेला चादरींचा आडोसा, खाली घमेल्यात विटा, वरचा झरोका उघडा. ही माजी रीत हाय. चार सालांत तेवीस बाळंतपनं केली, एक बी पोर गारठलं न्हाई."

नर्सबाई हसिनाच्या कानाशी लागल्या. "सांगू का त्यांना, कुणी काढलं ते?"

"नको," हसिना म्हणाली. "तेवीस मी केलेली नाहीत." तिनं हातातल्या कागदांची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "सगुणामावशींनी सांगितलं त्यात कुणाला काही अडचण?"

मागच्या रांगेतली एक बाई उठली. सारजाबाई, मुळशी धरणाच्या पलीकडच्या वाडीची. "आमच्या घरांस्नी झरोकंच न्हाईत. कुडाच्या भिंती, वर पेंढा. मंग किती विटा लागतील?"

हसिनानं अशा घराचा हिशेब कधी केला नव्हता. ती मंचावरून खाली उतरली, सारजाबाईच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि कोरा कागद काढला.

"कूड केवढा जाड?" तिनं विचारलं. "आणि पावसाळ्यात त्याला हात लावला, तर तळवा ओला होतो का?"